ओढेल हो, पण पेलेल का?

प्रश्न: नमस्कार. आम्ही ऑरोरा, कोलोरॅडो इथे राहतो. माझ्याकडे २०१९ची टोयोटा टकोमा आहे: डबल कॅब, फोर बाय फोर, व्ही-६, टो पॅकेजसकट. आम्ही २६ फुटी ट्रॅव्हल ट्रेलर पसंत केला आहे. त्याचं कोरडं वजन ५,१५० पौंड आणि माझ्या ट्रकची ओढण्याची क्षमता ६,४०० पौंड, म्हणजे बाराशेवर पौंड हातात राहतात. विक्रेताही म्हणाला की ट्रेलर 'अल्ट्रा लाइट' आहे, आरामात जाईल. डॅलसला राहणारा माझा मेहुणा असाच ट्रक घेऊन असाच ट्रेलर दोन वर्षं ओढतो आहे. त्याचा सल्ला आहे की मागच्या स्प्रिंगना आधार द्यायच्या हवेच्या पिशव्या, म्हणजे एअरबॅग टाक, जाड टायर घाल आणि विसरून जा. बायको मात्र म्हणते, घाटात इंजिन बसेल. उन्हाळ्यात शनिवार-रविवारी डिलनच्या तलावावर आणि जुलैत यलोस्टोनला जायचा बेत आहे. दोन मुलं आहेत, बारा आणि नऊ वर्षांची. नाशिकहून आई-बाबाही येणार आहेत. पाचशे डॉलर अनामत भरली आहे, शनिवारी उरलेले कागद करायचे आहेत. ड्रायव्हरच्या दारावरच्या स्टिकरचा फोटो जोडला आहे, टायरमध्ये हवा किती ठेवावी तेही सांगा. आमच्या दोघांत बरोबर कोण?

उत्तर: नमस्कार. आधी निकाल सांगतो, म्हणजे पुढचं शांतपणे वाचता येईल. हा ट्रेलर या ट्रकमागे लावू नका. वहिनींचं बरोबर आहे, फक्त त्यांनी दिलेलं कारण बरोबर नाही. म्हणूनच तुमच्या घरातला वाद मिटत नसावा. त्या म्हणतात इंजिन बसेल, तुम्ही म्हणता बसणार नाही, आणि त्या एका मुद्द्यावर तुमचं खरं आहे. इंजिन ओढेल. कुरकुरत, मिनिटाला चार हजारांवर फेरे घेत, पेट्रोल पीत ओढेल. हल्लीच्या ट्रकांत ओढण्याची ताकद ही सगळ्यात शेवटी संपणारी गोष्ट असते. त्याआधी दुसरं काहीतरी संपतं, आणि ते काय हे तुम्हीच मला फोटो काढून पाठवलं आहे.

त्या फोटोत टायरच्या हवेच्या आकड्यांवर एक ओळ आहे. तिचा अर्थ असा की माणसं आणि सामान यांचं एकूण वजन १,१२० पौंडांच्या वर जाता कामा नये. किलोत सांगायचं तर पाचशे आठ. यालाच पेलोड म्हणतात. हा आकडा जाहिरातीतला नाही. तुमच्याच गाडीसाठी, तिच्यात कारखान्यातून बसवलेल्या वस्तू धरून छापलेला आहे. तुमच्या शेजाऱ्याच्या टकोमाच्या दारावर वेगळा आकडा असू शकतो. ६,४००चा आकडा ट्रक किती ओढेल ते सांगतो, १,१२०चा आकडा ट्रक अंगावर किती पेलेल ते सांगतो. ट्रेलर हा दोन्ही खात्यांवर खर्च टाकतो, कारण त्याचा काही भार मागे चाकांवर असतो आणि काही पुढे हिचच्या (ट्रकमागच्या जोडणीच्या) गोळ्यावर, म्हणजे तुमच्या ट्रकच्या पाठीवर. त्या पुढच्या भाराला टंग वेट म्हणतात. ट्रॅव्हल ट्रेलरच्या बाबतीत तो भरलेल्या वजनाच्या दहा ते पंधरा टक्के ठेवावा लागतो.

आता 'भरलेल्या' या शब्दाकडे या. ५,१५० हे कोरडं वजन आहे. त्या वजनाचा ट्रेलर कारखान्याच्या दारातून बाहेर पडतो आणि पुन्हा आयुष्यात कधी त्या वजनाचा होत नाही. चाळीस गॅलनची पाण्याची टाकी भरली की ३३० पौंड वाढले, कारण एक गॅलन पाणी ८.३४ पौंडांचं असतं. गॅसच्या दोन भरलेल्या टाक्या सत्तरच्या पुढे. बॅटरी, वीजतारा, पाण्याचे पाइप, चाकाखाली लावायची ठोकळी, गाद्या, चादरी, सहा जणांचे कपडे, खुर्च्या, तंबूसारखं छप्पर, मुलांच्या सायकली. त्यात आपलं मराठी स्वयंपाकघर वेगळंच. कुकर दोन, कढई एक, पोळपाट-लाटणं, तांदळाची दहा पौंडांची पिशवी, 'असू दे' म्हणून घेतलेला मिक्सर. चौघांचं कुटुंब हजार पौंड कधी भरतं ते कळत नाही. म्हणून कोरड्या वजनावर बेत आखू नका. ट्रेलरवर कमाल भरलेल्या वजनाचा आकडा छापलेला असतो, या मॉडेलला तो ६,८०० असल्याचं तुम्हीच पाठवलेल्या माहितीपत्रकात दिसतं. म्हणजे तो आकडा तुमच्या ट्रकच्या ६,४००च्याही वर आहे. तुम्ही काटकसर करून ६,२००वर थांबलात असं मी धरतो. साडेबारा टक्क्यांनी टंग वेट झालं ७७५.

आता ट्रकचा हिशेब. कोणाचं वजन विचारणं शोभत नाही, म्हणून अंदाजाने धरतो: तुम्ही दोघं मिळून ३२०, मुलं १६०. हे ४८० झाले. वजन वाटून देणारी हिच, जी या ट्रेलरला लागणारच, तिचे ९०. तुमच्या फोटोत मागे फायबरचा टॉपर, म्हणजे ट्रकच्या मागच्या उघड्या भागावरचं छप्पर, दिसतो, त्याचे १८० तरी. तो तुम्ही नंतर बसवला असेल तर दारावरच्या आकड्यातून तो वजा झालेला नाही, तुम्हालाच करायचा. बर्फाची पेटी, जनरेटर, लाकडं यांचे १२०. बेरीज ८७०. म्हणजे १,१२० मधले २५० उरले, आणि ट्रेलरला हवेत ७७५. पाचशेच्या वर पौंड जास्त. वजन वाटणारी हिच यातलं थोडं पुन्हा ट्रेलरच्या चाकांवर ढकलते हे खरं, पण ते शंभर-दीडशेचं काम आहे. पाचशेचं नाही.

तुम्ही म्हणाल, मग कंपनीने ६,४०० लिहिलं कशाला? ते खोटं नाही. या क्षमता जे-२८०७ नावाच्या प्रमाणानुसार ठरतात. त्यात ॲरिझोनातला डेव्हिस धरणाजवळचा चढ भर उन्हात, एसी पूर्ण चालू ठेवून चढायचा असतो आणि तुमच्यासारख्या ट्रकचा वेग ताशी ४० मैलांच्या खाली जाऊ द्यायचा नसतो. चाचणी चांगली कडक आहे. पण तिच्यात गाडीत फक्त दोन माणसं धरतात, प्रत्येकी दीडशे पौंडांची, आणि टंग वेट दहा टक्के. मुलं नाहीत, टॉपर नाही, कुकर तर नाहीच. ६,४०० हा आकडा त्या दोन सडपातळ माणसांचा आहे. तुमच्या कुटुंबाचा नाही.

विक्रेत्याच्या 'अल्ट्रा लाइट'बद्दल फार बोलत नाही. ते नाव आहे, माप नव्हे. त्याने तुमच्या ट्रकचं दार उघडून स्टिकर पाहिलं का? नसेल तर 'आरामात जाईल' याचा अर्थ 'आमच्या फाटकातून बाहेर आरामात जाईल' एवढाच घ्यावा.

मेहुण्यांच्या सल्ल्याबद्दल मात्र बोलायला हवं, कारण तो प्रेमाने दिलेला आहे आणि म्हणून जास्त धोक्याचा आहे. एअरबॅगने बसलेली मागची बाजू वर उचलली जाते. ट्रक सरळ दिसतो, दिव्यांचा झोत आभाळात जात नाही, सगळं छान वाटतं. पण पेलोड एका पौंडानेही वाढत नाही. ॲक्सल, बेअरिंग, चाकं, ब्रेक, चौकट ही सगळी तीच राहतात. फक्त गाडी वाकून जी तक्रार करत होती ती बंद होते. जाड टायरचंही तसंच. टायर जास्त पेलेल, पण टायर ज्याला जोडलेला आहे ते जास्त पेलणार नाही. (तुमच्या हवेच्या प्रश्नाचं उत्तर: मूळ मापाचे टायर असतील तर दारावर छापली आहे तेवढीच, सकाळी टायर थंड असताना मोजलेली. ट्रेलरच्या टायरमध्ये मात्र सहसा त्यांच्या कडेवर लिहिलेली कमाल हवा भरतात, आणि त्यातले बरेच ताशी ६५ मैलांच्या हिशेबाने केलेले असतात.)

आणि डॅलस सपाट आहे. तुमचं डिलन सपाट नाही. आय-७० महामार्गावरून आयझेनहॉवर बोगद्यापर्यंत चढलात की तुम्ही ११,००० फुटांच्या वर असता. विनाटर्बो इंजिन दर हजार फुटांना साधारण तीन टक्के ताकद गमावतं. तुमच्या टकोमाचे २७८ अश्व समुद्रसपाटीचे आहेत, बोगद्याच्या तोंडाशी त्यातले दोनशेही उरत नाहीत. त्याने फार तर तुम्ही उजव्या लेनमध्ये ट्रकवाल्यांच्या मागे धोक्याचे दिवे लावून चढाल. त्यात लाज नाही. खरा प्रश्न बोगदा ओलांडल्यावर येतो. तिथून सिल्व्हरथॉर्नपर्यंत काही मैलांत दोन हजार फुटांहून जास्त खाली उतरायचं असतं, उतार सात टक्क्यांपर्यंत, आणि कडेला ब्रेक गेलेल्या ट्रकांसाठी खडीचे चढ बांधून ठेवलेले असतात. ते कोणी शोभेसाठी बांधलेले नाहीत. तुमच्या ट्रकला मागे ड्रम ब्रेक आहेत. आपण कसारा घाटात लहानपणी ऐकलेला ड्रायव्हरांचा नियम, ज्या गिअरमध्ये चढलास त्याच गिअरमध्ये उतर, तिथेही तंतोतंत लागू आहे. पेट्रोल इंजिनची स्वतःची रोखून धरायची शक्ती मर्यादित असते, आणि मागून सहा हजार पौंड ढकलत असताना तुम्ही पुन्हा पुन्हा ब्रेकवर येणार. ट्रेलरचे विजेवर चालणारे ब्रेक नीट जुळवलेले नसतील तर सगळी उष्णता ट्रकच्या ब्रेकमध्ये साठणार.

यलोस्टोनची वाट याहून सोपी वाटेल, पण माझ्या मते हाच तुमच्या बेतातला सगळ्यात नाजूक भाग आहे. तुम्ही आय-२५ ने उत्तरेला जाल, मग वायोमिंगमध्ये आय-८०. लॅरमी ते रॉलिन्स या पट्ट्यात, आर्लिंग्टन आणि एल्क माउंटनच्या आसपास, वारा हीच बातमी असते. राज्याचा रस्ते विभाग तिथे उंच आणि हलक्या वाहनांना रस्ता बंद करतो. तुमच्या ट्रेलरची एक बाजू साधारण दोनशे चौरस फूट भरेल. ताशी ४० मैलांचा आडवा वारा दर चौरस फुटाला चार पौंडांच्या आसपास दाब देतो, म्हणजे एकूण आठशे पौंड कडेने. आणि तो ढकलतो आहे ती वस्तू साडेचार हजार पौंडांच्या ट्रकला एका गोळ्यावर टांगलेली आहे. शेजारून मोठा ट्रक गेला की आधी ओढ लागते, मग धक्का बसतो. इथे इंजिनचा काही संबंध येत नाही. पुढचा ट्रक किती जड, किती लांब आणि त्याच्या पुढच्या चाकांवर किती भार शिल्लक आहे, यावर सगळं ठरतं.

पुढच्या चाकांचं गणित बघा. गोळा मागच्या ॲक्सलच्या चार-एक फूट मागे असतो आणि तुमच्या दोन ॲक्सलमधलं अंतर साडेदहा फुटांच्या आसपास. त्यामुळे गोळ्यावर ७७५ पौंड टेकले की मागच्या ॲक्सलवर ७७५ नव्हे, हजारावर पौंड येतात, आणि वरचे जवळजवळ तीनशे पुढच्या चाकांवरून उचलले जातात. ज्या चाकांनी वळायचं तीच हलकी होतात. वजन वाटणारी हिच हे उचललेलं वजन परत पुढे टेकवायलाच असते, आणि म्हणून तिची जुळणी अंदाजपंचे करायची नसते.

या अडचणीवर काही हुशार लोक एक उपाय काढतात, तो तुमच्याही डोक्यात येईल म्हणून आधीच सांगतो. टंग वेट जास्त होतंय ना, मग ट्रेलरमधलं जड सामान मागच्या टोकाला ठेवू! कागदावर पेलोड सुटतो. रस्त्यावर जीव जातो. बैलगाडी मागे जास्त भरली की उलाळ होते आणि जू बैलांच्या मानेवरून वर उठतं, तसाच मागे जड झालेला ट्रेलर ट्रकची पाठ वर उचलू पाहतो आणि पहिल्या झुळकेला डावी-उजवीकडे झुलायला लागतो. झोला एकदा सुरू झाला की दर हेलकाव्याला वाढतो. दहा टक्क्यांच्या खाली जाऊ नका असं म्हणतात ते यासाठी. आणि कधी कोणताही ट्रेलर झुलायला लागला तर ट्रकचा ब्रेक दाबायचा नाही. ॲक्सिलरेटरवरून पाय काढायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं, हेलकाव्यांचा पाठलाग करायचा नाही, आणि ब्रेक कंट्रोलरवरची (ट्रकमध्ये बसून ट्रेलरचे ब्रेक चालवायच्या यंत्रावरची) कळ हाताने दाबून फक्त ट्रेलरचे ब्रेक लावायचे. ही कळ कुठे आहे ते चालवणाऱ्याच्या बोटांना पाठ असावं. वहिनी चालवणार असतील तर त्यांच्याही.

'पण मेहुण्याला दोन वर्षांत काही झालं नाही' या वाक्याला माझ्याकडे उत्तर नाही, कारण ते खरंच आहे. जास्त वजनाने गाडी रोज मोडत नाही. कोणी तुम्हाला अडवून सहसा वजनही करणार नाही. फरक पडतो तो ज्या दिवशी पुढची गाडी अचानक थांबते, किंवा एका टायरची हवा जाते, किंवा वारा वाढतो. गाडीकडे जो थोडा राखीव दम असतो तो त्या दिवसासाठी असतो, आणि तुम्ही तो कुकर, टॉपर आणि सव्वीस फुटांवर आधीच खर्च केलेला असतो. अपघातात दुसऱ्याला इजा झाली तर समोरचा वकील त्याच दारावरच्या स्टिकरचा फोटो काढील, हेही आहेच.

आता तुम्ही न विचारलेला प्रश्न. टकोमात पट्टे पाच आहेत. तुम्ही दोघं, दोन मुलं, आई-बाबा: सहा. सहावं माणूस कुठे बसणार होतं? 'बाबा ट्रेलरमध्ये पलंगावर आडवे होतील' असं मनात आलं असेल तर ते लगेच काढून टाका. चालत्या ट्रॅव्हल ट्रेलरमध्ये माणसं बसवायला बऱ्याच राज्यांत मनाई आहे, आणि मनाई नसती तरी तिथे ना पट्टे असतात ना धक्का झेलणारी चौकट. म्हणजे दुसरी गाडी न्यावीच लागणार. ती न्यायचीच असेल तर आई-बाबा आणि मुलं त्या गाडीत बसवली की ट्रकचा पेलोड बराच मोकळा होईल, तरीही या ट्रेलरसाठी पुरणार नाही.

मग करायचं काय? तुमचा ट्रक वाईट नाही, आणि मी तुमच्या जागी असतो तर यंदा तरी तो बदलला नसता. टॉपर काढून ठेवा, मागचं सामान ट्रेलरमध्ये ॲक्सलच्या वर किंवा किंचित पुढे हलवा. मग चौघं आणि ७० पौंडांची हिच धरून ५७० उरतात. त्यात तेरा टक्क्यांनी, थोडं हातचं राखून, जो ट्रेलर बसतो तो भरून ४,००० पौंडांपर्यंतचा. लक्षात ठेवा, भरून. कोरडा तीन हजारांच्या आसपासचा, सतरा-अठरा फुटांचा, एका ॲक्सलचा. चौघांना पुरतो, सहांना नाही. आई-बाबांना तसंही रात्री तीन वेळा उठून दुमडत्या पलंगावर चढ-उतार करायला लावू नये. त्यांच्यासाठी केबिन घ्या. उंचीवरच्या पहिल्या रात्री त्यांना खऱ्या पलंगाची आणि जवळच्या न्हाणीघराची किंमत कळेल. बाबांना रक्तदाबाचा त्रास असेल तर आठ हजार फुटांवर मुक्काम करण्याआधी त्यांच्या डॉक्टरांशी एकदा बोलून घ्या, हेही जाता जाता.

मोठाच ट्रेलर हवा असेल तर आधी ट्रक, मग ट्रेलर, हा क्रम. पूर्ण आकाराचा अर्धा टनी ट्रक बघायला गेलात तर तिथेही जाहिरातीतला ओढण्याचा आकडा ऐकून घ्या, मान डोलवा, आणि दार उघडून स्टिकर वाचा. काचेचं छप्पर, चामड्याच्या खुर्च्या, विजेच्या पायऱ्या असलेल्या महाग मॉडेलांचा पेलोड साध्या मॉडेलपेक्षा कमी निघतो. तुमच्या या ट्रेलरला १,७००-१,८०० तरी हवा. भाड्याने ट्रक घेऊ म्हणाल तर करार वाचा. नेहमीच्या गाडीभाड्याच्या करारांत ट्रेलर ओढायला बहुतेकदा मनाई असते.

तिसरा मार्ग मला सगळ्यात आवडतो. यंदा ट्रेलर विकत घेऊच नका, भाड्याने घ्या. काही मालक ट्रेलर स्वतः आणून कॅम्पग्राउंडवर उभा करून देतात आणि नंतर घेऊन जातात. डिलनच्या बाजूला एक शनिवार-रविवार तसा काढून बघा. पावसात चौघं एका खोलीत अडकल्यावर, आणि सांडपाण्याची टाकी रिकामी करायची पाळी कोणाची यावर चर्चा झाल्यावर, सव्वीस फूट हवेत की नाहीत ते आपोआप ठरेल.

यातलं काहीही केलंत तरी पहिल्या मोठ्या प्रवासाआधी ट्रेलर भरून, सगळे गाडीत बसून, जवळच्या ट्रक स्टॉपवरच्या कॅट नावाच्या वजनकाट्यावर जा. पुढची चाकं, मागची चाकं आणि ट्रेलरची चाकं तीन वेगळ्या पट्ट्यांवर उभी करायची, तीन वेगळे आकडे मिळतात. मग ट्रेलर सोडून नुसता ट्रक, त्याच माणसांसह, पुन्हा काट्यावर. दोन पावत्यांतल्या ट्रकच्या वजनातला फरक म्हणजे तुमचं खरं टंग वेट. पहिल्या वेळी वजन वाटणाऱ्या हिचचे दांडे सोडून ठेवा, नाहीतर हा फरक कमी दिसेल. मग दांडे लावून आणखी एकदा, म्हणजे पुढच्या चाकांवर वजन परत आलं की नाही ते कळेल. थोडेच डॉलर जातात आणि घरातला वाद कायमचा मिटतो. कोलोरॅडोत ३,००० पौंडांवरच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असावेच लागतात, तेव्हा लहान ट्रेलर घेतलात तरी ब्रेक कंट्रोलर हवाच.

आणि टेटॉन पर्वतांच्या बाजूने जाणार असाल तर रॉलिन्सहून २८७ महामार्गाने लँडर, डुबॉइस आणि टोग्वोटी खिंडीतून जा. नकाशा तुम्हाला कधी आयडाहोच्या बाजूने टेटॉन खिंडीतून न्यायला बघेल. तिथला उतार दहा टक्क्यांचा आहे, ट्रेलर घेऊन तिकडे वळू नका.

शनिवारचं सांगायचं राहिलं. अनामतीच्या पावतीवर ती परत मिळणारी आहे का ते आजच वाचा, आणि विक्रेत्याला शुक्रवारच्या आत लेखी कळवा की ट्रकच्या पेलोडमध्ये ट्रेलर बसत नाही म्हणून व्यवहार थांबवत आहात. फोनवर बोललात तरी मागोमाग ईमेल करा. तो 'मग हा थोडा लहान बघा' म्हणेल. बघायला हरकत नाही. पण त्याच्याकडून आधी कमाल भरलेल्या वजनाचा आकडा घ्या, तेरा टक्के काढा, आणि तो कोटेशन छापत असेल तोवर बाहेर जाऊन आपल्या ट्रकचं दार उघडा.